वीस मिनिटं पुढं

उस्मानपुरा,
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

सौ. सत्यभामा काकासाहेब गाडेकर यांस,
मुक्काम भावाचं घर, फुलंब्री.

विषय : रविवारी कच्च्या राहिलेल्या नानकटाईबाबत.

चार दिवसांत एकतीस वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून कागद हाती घेतला. सांडू रोज सकाळी दूध घालायला शहरात येतो, त्याच्याजवळ देतोय. भावाच्या हातून आलेलं पत्र तरी परत पाठवणार नाहीस असं धरून चालतो.

झालं काय, ते सरळ लिहितो. मी चौतीस वर्षं वाळूजच्या कारखान्यात गिअर भाजून कडक करायच्या भट्टीवर काढली. तिथं काही बिघडलं की आम्ही अहवाल लिहायचो. हा तसाच समज.

गयासभाईनं बेचाळीस वर्षांनी बेकरी बंद केली. दर दिवाळीला आपली अख्खी गल्ली तूप, मैदा, साखर डब्यात घालून त्याच्याकडं नेत आली आणि त्यानं सगळ्यांची नानकटाई भाजून दिली. दर ट्रेमागं एक नानकटाई तो चव म्हणून घ्यायचा, फक्त एक. दुसरी त्यानं कधी कुणाची घेतली नाही, मामलेदाराच्या घरची असली तरी. त्याचा सत्कार समोरच्या हॉलमध्ये ठरला आणि तू जाहीर केलंस की या वेळी गयासभाईला गल्लीनं भाजून खाऊ घालायचं, गरम, आपल्या घरच्या ओव्हनमधून. आपल्या लेकीनं, करुणानं, पुण्याहून पाठवलेला तो ओव्हनचा डबा तू वर्षभर चालवत होतीस, त्यामुळं मी काही बोललो नाही.

रविवारी सकाळी लाइट गेली होती. तू हॉलवर रांगोळीत होतीस. लाइट आल्यावर डब्यावरचे आकडे नुसते लुकलुकत होते, ते लावल्याशिवाय तो चालूच होत नाही. तेसुद्धा मीच नीट लावून दिले. म्हणजे माझ्याकडून मदतीत कसूर नव्हती.

चार-पन्नासला तू ट्रे आत ठेवलेस, सव्वापाचला आपोआप बंद व्हायचं लावलंस आणि हॉलवर आलीस. सव्वापाचला सगळी मंडळी आपल्या घरी. तू दार उघडलंस. आत पांढरे गोळे. बोट लावलं की खड्डा पडत होता. गयासभाईनं त्यातलाच एक उचलून खाल्ला आणि "बढिया है, भाभी" म्हणाला, तेव्हा तुझे डोळे भरले.

मी तेव्हा जे बोललो ते तू धरून बसली आहेस. "चौतीस वर्षं मी भट्टी चालवली, हिला एक डबा चालवता येईना." हसले लोक, त्याला मी काय करू? दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून निघालीस आणि दारात एवढंच म्हणालीस, "माझं काय बी चुकलं नाय."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तो डबा मी स्वतः चालवून दाखवतो आणि तुला नमुना पाठवतो. मग बोलू.

काकासाहेब

*

उस्मानपुरा,
सोमवार, १ डिसेंबर

सौ. सत्यभामास,

सोबत स्टीलच्या डब्यात बारा नानकटाई आहेत. माझ्या हातच्या. तुझी वही न उघडता केल्या. पंचवीस मिनिटं लावली, वेळ संपल्यावर टिंग वाजलं आणि यंत्र आपोआप बंद झालं. यात अवघड काय आहे ते मला कळलेलं नाही. रंग जरा जास्त चढलाय, पण नानकटाई कडक असलेली बरी, प्रवासात मोडत नाही.

सांडू मात्र तुझाच भाऊ शोभतो. दारात उभा राहून भिंतीकडं बघतो आणि म्हणतो, "दाजी, तुमच्याकडं सव्वासात वाजले व्हय? माझ्या मोबाईलात तर पाच कमी सात हायेत." मी म्हणालो, बाबा, हे घर वाळूजच्या बसवर चालतं. घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढं असतात, म्हणून चौतीस वर्षांत माझी बस एकदाही चुकली नाही. तर म्हणतो, "रिटायर होऊन तीन वर्षं झाली की. आता कोणती बस धरायची तुम्हाला?"

दुधाची किटली घेऊन फिरणाऱ्याशी काय वाद घालायचा.

घरात बरं आहे. तुळशीला पाणी घालतो. पोळ्या खानावळीच्या. फोडणीची मोहरी कुठं ठेवलीयस ते लिहून पाठव.

काकासाहेब

*

उस्मानपुरा,
शनिवार, ६ डिसेंबर

सत्यभामा,

मोहरी सापडली. हळदीच्या डब्यामागं.

सांडूनं सांगितलं ते ऐकलं. तू डबा उघडलास, वास घेतलास आणि म्हशीपुढं ठेवलास. वर तो म्हणतो, "म्हशीनं बी एकच खाल्ली, दाजी." ठीक आहे. आता सांगायला हरकत नाही, त्या बुडातून जळल्या होत्या. घरात तीन दिवस वास होता. शेजारच्या अनिसाभाभी विचारायला आल्या, तर मी म्हणालो दिवाळीचा उरलेला फटाका होता.

मग बुधवारी झक मारत तुझी वही काढली. सत्यभामा, मला माहीत नव्हतं तू इतकं लिहून ठेवलंयस. प्रत्येक घाण्याची तारीख, तूप किती, कोणत्या फळीवर ट्रे, किती वाजता आत, किती वाजता बाहेर. एका पानावर ठळक लिहिलंस, "आतला पंखा चालू असंल तर १८० नाही, १६०. गयासभाईंनी भट्टीचा अंदाज सांगितला, तो पंख्याला लागू नाही." हीच एक ओळ मी आधी वाचली असती तर म्हशीवर पाळी आली नसती. भट्टीची वही आम्ही बारा जण मिळून लिहायचो, तरी इतकी स्वच्छ नव्हती. हे कौतुक समज.

पण आता ऐक. कौतुक झालं, मुद्दा राहतोच.

त्या रविवारच्या पानावर तू लिहिलंस, "४.५० आत, ५.१५ बंद." मी काल अगदी तसंच केलं. तुझंच प्रमाण, तुझीच फळी, १६०, पंखा. भिंतीवरच्या घड्याळात चार-पन्नास झाले, ट्रे आत. सव्वापाचला बंद व्हायचं लावलं आणि खुर्ची टाकून समोर बसलो. बरोबर सव्वापाचला टिंग. दार उघडलं तर काय सांगू! बदामी रंग, कडेला बारीक भेगा, तोंडात टाकली की विरघळली. मी स्वयंपाकघरात एकटाच टाळ्या वाजवल्या.

तेव्हा पद्धत तुझी बरोबर, वही बरोबर, यंत्र बरोबर. मग उरलं कोण? रविवारी तू घाईत बटण चुकवलंस, हे उघड आहे. कबूल करून टाक, मी मनाला लावून घेणार नाही. मंगळवारी गयासभाईला बोलावलंय. त्यानं माझ्या नानकटाईला होकार दिला की हा विषय संपला, आणि तू घरी यायचं.

बारा पाठवतोय. म्हशीला देऊ नकोस.

काकासाहेब

*

उस्मानपुरा,
बुधवार, १० डिसेंबर

सत्यभामा,

हे पत्र मी चार वेळा फाडलंय. पाचव्यांदा लिहितोय, आणि आता जसं होईल तसं जाऊ दे.

काल गयासभाई आला. मी नवा सदरा घातला होता, बघ किती तोरा. पाच-पन्नासला ट्रे आत, सव्वासहाला बंद. तो खुर्चीवर बसला, मी त्याला ओव्हनची बटणं समजावून सांगत होतो. बेचाळीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेल्या माणसाला मी शिकवत होतो. तो आपला "हौ, हौ" करत मान हलवत होता. त्यानं आयुष्यात घड्याळ बघून भाजलं नाही, वासावर भाजलं.

तेवढ्यात मशिदीतून मगरिबची अजान झाली. गयासभाई उठला, भिंतीकडं बघितलं आणि थांबला.

"काकासाहेब, मगरिब आज पाच-बावन्नला है. तुमच्या घरात सहा-बारा? सूरज कू बी ओव्हरटाइम लावला क्या तुम्ही?"

मी हसलो. म्हणालो, भाई, आमची घड्याळं वीस मिनिटं पुढंच असतात, वीस वजा करायचे, सगळ्या घराला सवय आहे. आणि असं म्हणता म्हणता माझी नजर ओव्हनवर गेली. हिरव्या आकड्यांत तिथंही सहा-बारा.

गयासभाईनंही बघितलं. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि एवढंच विचारलं, "भाभीच्या हातातली घडी कोनत्या टाइमवर चालती?"

सत्यभामा, तिथंच मला सगळं कळलं.

करुणानं दिलेलं ते घड्याळ तू मनगटावरून काढत नाहीस. ते जगाच्या वेळेवर चालतं. ओव्हनचं घड्याळही तू त्याच्यावरूनच लावलं होतंस, वर्षभर तसंच होतं. रविवारी सकाळी लाइट आल्यावर मी ते भिंतीवरून लावलं. घरातलं घड्याळ घरासारखं चालावं म्हणून. तुला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. तू चार-पन्नासला ट्रे ठेवलेस तेव्हा ओव्हनच्या लेखी पाच-दहा झाले होते. सव्वापाचला बंद हो म्हणालीस, तो बिचारा पाच मिनिटांत बंद झाला. हुकमाचा पक्का. त्यावरचे आकडे तू बघितले नाहीस, कारण ते तुझ्या हातानं लावलेले होते, आणि आपण लावलेल्या घड्याळावर माणूस विश्वास ठेवतो. माझं जमलं, कारण माझी भिंतही खोटी आणि ओव्हनही खोटा. दोन खोट्यांची साक्ष जुळली, आणि मी त्यावर तुला दोषी ठरवलं.

वाळूजला आमच्या भट्टीजवळ एक नियम होता. भट्टीच्या घड्याळाला ज्यानं हात लावला, त्यानं वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी मी हाच नियम शिकवायचो. एकदा एकानं लिहिलं नाही, एका घाण्यातले सगळे गिअर भंगारात गेले, आणि मी त्याला साऱ्या शिफ्टसमोर उभं केलं होतं. तो नियम मी माझ्याच घरात पाळला नाही. का पाळला नाही, त्याचाही विचार केला. तुझा ओव्हन मला भट्टी वाटलाच नव्हता. डबा वाटला होता.

म्हणून आज तुझ्या वहीत, त्या रविवारच्या पानावर, हे लिहिलंय :

"२३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.४०. लाइट आल्यावर भट्टीचं घड्याळ वीस मिनिटं पुढं लावलं. चालवणाऱ्या बाईंना कळवलं नाही. घाणा कच्चा राहिला तो यामुळं. चालवणाऱ्या बाईंची चूक नाही. लावणाऱ्याची सही : का. गाडेकर."

गयासभाईनं काल नानकटाई खाल्ली नाही. नमाज पढून परत आला, ट्रेकडं बघितलं आणि म्हणाला, "रंग अच्छा है. पन पयले भाभीला लिहा." म्हणून लिहितोय.

तुझं काहीच चुकलं नव्हतं. चारचौघांत बोललो ते चुकलं, आणि चारचौघांतच परत घ्यायला पाहिजे. तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तसं. तू नाही आलीस तरी मी ते करणार आहे, पण तू असावीस असं फार वाटतं.

घर फार मोठं झालंय.

तुझा,
काकासाहेब

*

फुलंब्री,
गुरुवार, ११ डिसेंबर
(त्याच पत्राच्या पाठीमागं)

रविवारी दोनपर्यंत स्टँडवर येते. पीठ इथूनच मळून आणते, इथलं तूप चांगलं आहे. माणसं त्या दिवशीचीच बोलवा, एकही कमी नको. वहीतलं तुम्ही उभं राहून वाचायचं. घड्याळाला हात लावू नका, मी आल्यावर लावीन.

दुसऱ्या वेळच्या चांगल्या होत्या. वेलची कमी पडली.

सत्यभामा

*

उस्मानपुरा,
सोमवार, १५ डिसेंबर

प्रिय सत्यभामा,

तू आत मेथी निवडते आहेस आणि मी बाहेरच्या खोलीत बसून तुला पत्र लिहितोय. सांडूला कळलं तर गावभर करेल. पण एक गोष्ट तुला सांगायची आहे, आणि तोंडानं सांगायला गेलो की मी काहीतरी भलतंच बोलतो, हे आता सिद्ध झालंय. म्हणून लिहितो. हे पत्र नानकटाईच्या डब्यात ठेवणार आहे.

काल मी स्टँडवर वीस मिनिटं आधी पोचलो. सवय. बाकड्यावर बसलो आणि लक्षात आलं की छत्तीस वर्षांच्या संसारात मी तुझी वाट कधी पाहिलीच नव्हती. दारात उभी असायचीस ती तूच, शिफ्ट सुटली की. बस लागली, तू पितळेचा डबा कवटाळून उतरलीस. मी डबा घ्यायला हात पुढं केला तर म्हणालीस, "राहू द्या. तुमच्या हाताला भट्टीची गरमी असती, तूप सुटंल." मी हसू दाबलं. बोललीस, एवढं पुरे होतं.

घरात आल्यावर तू आधी भिंतीकडं बघितलंस, मग मनगटाकडं, मग परत भिंतीकडं. दोन्हीकडं दोन-बेचाळीस. तेव्हा कुठं चपला काढल्यास. भिंतीवरचं, खोलीतलं आणि माझं गजराचं, अशी तिन्ही मी बुधवारीच मागं घेतली होती. तुझ्या ओव्हनला मात्र हात लावला नव्हता, तो तू आल्याआल्या मनगटावर बघून लावलास. पहिले दोन दिवस मला वाटत होतं की दिवस मोठा झालाय आणि माझ्याकडं करायला काही नाही.

हॉलमधलं तुला माहीतच आहे, तू पहिल्या रांगेत होतीस. पण मला काय वाटलं ते तुला माहीत नाही. चार-पन्नासला ट्रे आत ठेवून, सव्वापाचला बंद व्हायचं लावून तू आलीस आणि पदर सावरून बसलीस, पाहुणीसारखी. एकदाही मागं वळून बघितलं नाहीस. मी मात्र माइकसमोर उभा, हातात तुझी वही, आणि अर्धा जीव स्वयंपाकघरात. ओव्हनजवळ कुणी नाही. पुन्हा लाइट गेली तर? मनातल्या मनात साऱ्या देवांना हात जोडून झाले.

वही वाचली. "चालवणाऱ्या बाईंची चूक नाही" इथं मी हळू वाचलं, तेव्हा मागून अनिसाभाभी म्हणाल्या, "जोर से पढो, भाईसाब, पीछे तक आना." म्हणून ती ओळ मी दोनदा वाचली. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही सगळे माझ्या बोलण्याला हसला होता. आज माझ्यावर हसा." कुणी हसलं नाही. सांडू तेवढा हसला. त्याला मी माफ केलंय.

आणि सव्वापाच! रस्ता ओलांडून सगळी वरात आपल्या दारात, आणि आतून टिंग. तू दार उघडलंस आणि सगळं घर वेलची-तुपाच्या वासानं भरून गेलं. मागच्या वेळी जी माणसं खाली बघत निघून गेली होती, ती आता एकमेकांच्या खांद्यावरून मान वर काढत होती. साठच्या साठ नानकटाई जमल्या होत्या, सत्यभामा. एक वाकडी नाही, एक फिकी नाही. मी चौतीस वर्षांत इतका एकसारखा घाणा काढलेला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही बाई माझी आहे, पण तेवढी अक्कल आता आली होती की आज मी गप्प बसायचं.

गयासभाईला तू बशी दिलीस. त्यानं नानकटाई उचलली, कानाजवळ नेऊन मोडली, तो बारीक खुट्ट आवाज सगळ्यांनी ऐकला. खाल्ली. डोळे मिटले. मग म्हणाला, "भाभी, अपनी भट्टी बंद नहीं हुई. घर बदलला तिनं." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तू लाजून दुसरा ट्रे काढायला आत पळालीस.

आता ज्यासाठी हे पत्र, ते.

तू आत होतीस, पाठमोरी. लोक चहाकडं वळले होते. गयासभाई बशीजवळ एकटाच उभा होता आणि त्याच्यासमोर मी. त्यानं इकडंतिकडं बघितलं, शाळेतल्या पोरानं बघावं तसं. मग हळूच हात पुढं केला.

सत्यभामा, त्यानं दुसरी घेतली.

तू बघितलं नाहीस. मी बघितलं.

तुझा,
काकासाहेब